गळू, काटा आणि ‘ओढून काढणारे’ मलम

गळू झाले की ‘पोटीस बांधा, पिकू द्या, आपोआप फुटेल’ आणि पायात काटा मोडला की ‘काहीतरी लावून ठेवा, रात्रीतून वर येईल’ हे दोन सल्ले मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या दिले जात आहेत. जवसाच्या किंवा गव्हाच्या पिठाच्या पोटिसाची जागा शहरांत आता बहुतांशी औषधाच्या दुकानातील तयार मलमाने घेतली आहे. साधन बदलले तरी अपेक्षा मात्र तीच राहिली आहे. मलमाने आतला पू, काटा किंवा घाण बाहेर ‘ओढून’ काढावी, अशी ही अपेक्षा असते.

किरकोळ दुखण्यांत या मलमांचा मर्यादित उपयोग होऊ शकतो. परंतु ती नेमके काय करतात आणि काय करू शकत नाहीत, याविषयी मोठा गैरसमज आहे. मलम पू ओढत नाही. पू बाहेर टाकण्याचे काम शरीर स्वतः करते. मलम लावून वाट पाहायची असेल, तर ती किती दिवस पाहायची आणि कोणी मुळीच पाहू नये, हे ठाऊक असणे मलमाच्या निवडीपेक्षा अधिक महत्त्वाचे ठरते.

गळू कसे होते?

त्वचेवरील प्रत्येक केस एका लहानशा पिशवीतून उगवतो. या पिशवीत जंतूंचा शिरकाव झाला, की ती सुजते, लाल होते व ठणकू लागते. बहुतेक वेळा ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ हा जंतू यास कारणीभूत असतो. अनेक निरोगी माणसांच्या नाकात आणि त्वचेवर तो एरवीही निरुपद्रवीपणे वास्तव्य करून असतो. घाम, घट्ट कपड्यांचे घर्षण, दाढी करताना झालेली बारीक जखम किंवा खाजवल्याने सोललेली त्वचा यांतून त्याला आत जाण्याची वाट मिळते. मान, काख, मांड्या व कुल्ले या जागी गळवे अधिक होतात, त्याचे कारण हेच. आंबे खाल्ल्यामुळे ‘उष्णता’ वाढून गळवे होतात, असा समज सर्वत्र आढळतो. तथापि, आंब्याचा हंगाम हाच घामाचाही हंगाम असतो, हे त्यात विसरले जाते.

जंतू शिरताच शरीरातील पांढऱ्या पेशी त्या जागी धावून येतात. मेलेल्या पेशी, मेलेले व जिवंत जंतू आणि द्रव यांचे मिश्रण म्हणजे पू. काही दिवसांत पू मध्यभागी साचतो, वरची त्वचा पातळ होते, पांढरट तोंड दिसू लागते आणि गळू फुटून निचरा होतो. लहान गळवाला तोंड पडण्यास साधारण आठवडा लागतो. पूर्ण भरून येण्यास दोन ते तीन आठवडेही लागू शकतात.

पोटिसापासून मलमापर्यंत

गळू पिकले आहे की नाही, हे ओळखण्याला प्राचीन भारतीय शल्यतंत्रात फार महत्त्व होते. ‘सुश्रुतसंहिते’च्या सूत्रस्थानातील सतरावा अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे. त्यात सुजेच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत. कच्च्या सुजेला शस्त्र लावणारा आणि पिकलेल्या सुजेकडे दुर्लक्ष करणारा, या दोन्ही वैद्यांना तेथे सारखेच दोषी धरले आहे. पोटीस बांधण्याच्या क्रियेला आयुर्वेदात ‘उपनाह’ म्हणतात. म्हणजेच, पोटीस हा शस्त्रक्रियेला पर्याय नसून तिच्या आधीचा टप्पा होता. लोकस्मृतीत पोटीस टिकले, पिकलेल्या गळवाची उपेक्षा करू नये हा दुसरा अर्धा भाग मात्र मागे पडला.

आज ‘ओढून काढणारी’ म्हणून ओळखली जाणारी तयार मलमे मुख्यतः दोन प्रकारची आहेत. पहिल्यात ‘इक्थामॉल’ हा घटक असतो. गंधकयुक्त तेल असलेल्या खडकापासून तो बनवतात. या खडकात माशांचे जीवाश्म आढळत आणि ग्रीक भाषेत माशाला ‘इक्थिस’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. १८८०च्या दशकात हॅम्बुर्ग येथील त्वचारोगतज्ज्ञ पॉल गेर्सन उन्ना यांनी त्याचा वैद्यकात प्रसार केला. मलमात त्याचे प्रमाण सहसा १० किंवा २० टक्के असते. रंग काळा, वास डांबरासारखा आणि कपड्याला लागल्यास डाग सहजासहजी न जाणारा, ही त्याची ओळख.

दुसऱ्या प्रकारात मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजेच एप्सम सॉल्ट, ग्लिसरीनमध्ये मिसळलेले असते. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून ही पेस्ट जखमा व गळवांसाठी ब्रिटिश वैद्यकात वापरली जाऊ लागली. सलाइनची सुई टोचलेल्या जागी हात सुजला, की आपल्याकडील रुग्णालयांत मॅग्नेशियम सल्फेट व ग्लिसरीनची पट्टी ठेवतात. तो याच मिश्रणाचा भाऊबंद आहे.

मलम खरोखर ‘ओढते’ का?

मॅग्नेशियम सल्फेट आणि ग्लिसरीन हे दोन्ही पदार्थ पाणी शोषून घेतात. उघड्या जखमेवर किंवा तोंड पडलेल्या गळवावर ते लावले असता ओलावा त्यांच्याकडे खेचला जातो. परंतु गळवावरील त्वचा अखंड असेल, तर पू तिच्या खाली असतो आणि वरचा कठीण थर सहजासहजी काहीही आरपार जाऊ देत नाही. त्यामुळे बंद गळवातील पू मलमाने वर खेचला जाण्याची शक्यता नसते. इक्थामॉलमध्ये सूज कमी करण्याचे आणि जंतूंची वाढ रोखण्याचे सौम्य गुण आहेत. मात्र तेही वरच्या थरापुरते.

मग गुण येतो तो कशाने? मलम लावून वर पट्टी बांधली, की त्वचा ओलसर राहून मऊ पडते. पट्टीमुळे घर्षण थांबते आणि रुग्ण गळू दाबणेही थांबवतो. शेक घेतला असल्यास रक्तपुरवठा वाढतो आणि पांढऱ्या पेशींना मदत होते. शिवाय बहुतेक लहान गळवे मलम न लावताही फुटतात. श्रेय मात्र शेवटी लावलेल्या मलमाला मिळते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९३ मध्ये या विषयावर अंतिम नियम जाहीर केला. गळवावरील उपचार म्हणून चिठ्ठीविना विकल्या जाणाऱ्या औषधांतील इक्थामॉल, मॅग्नेशियम सल्फेट आदी घटक त्या कामी सुरक्षित व गुणकारी असल्याचे मानण्यास पुरेसा पुरावा नाही, असे त्यात म्हटले आहे. पुरावा अपुरा असणे म्हणजे मलम विषारी असणे नव्हे. मात्र त्याच्या भरवशावर गंभीर दुखणे अंगावर काढणे योग्य नाही, एवढा अर्थ त्यातून निश्चित निघतो.

वापर कसा करावा?

एकच लहान गळू, ताप नाही, आसपास लाली पसरलेली नाही आणि प्रकृती अन्यथा निरोगी आहे, अशाच स्थितीत घरगुती उपचार करावेत. त्यातही पहिला मान मलमाचा नसून शेकाचा आहे. स्वच्छ कापड सोसवेल इतक्या गरम पाण्यात भिजवून, पिळून गळवावर १० ते १५ मिनिटे ठेवावे. दिवसातून तीन ते चार वेळा असे करावे. कढत पोटीस बांधल्याने त्वचा भाजते. मधुमेहींना व वृद्धांना तर भाजल्याचे लगेच जाणवतही नाही.

मलम लावायचे असल्यास पुढील पद्धत पाळावी. हात साबणाने धुवावेत. गळू व भोवतालची त्वचा धुऊन टिपून कोरडी करावी. मॅग्नेशियम सल्फेटची पेस्ट वापरण्यापूर्वी ढवळून घ्यावी, कारण तिचे घटक वेगळे होतात. पेस्ट किंवा मलम बोटाने थेट डबीतून न घेता स्वच्छ चमच्याने काढावे, गळवापुरतेच लावावे आणि वर निर्जंतुक गॉज ठेवून पट्टी बांधावी. पट्टी दिवसातून एक-दोन वेळा बदलावी. इक्थामॉल प्रथमच वापरत असल्यास आदल्या दिवशी हाताच्या आतील बाजूस थोडेसे लावून खाज किंवा पुरळ येत नाही ना, हे पाहावे.

ही मलमे आठवडेच्या आठवडे लावण्यासाठी नाहीत. मॅग्नेशियम सल्फेटच्या पेस्टचा दीर्घ किंवा वारंवार वापर केल्यास भोवतालच्या निरोगी त्वचेला इजा होते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ती मोठ्या भागावर किंवा उघड्या जखमेवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. दोन-तीन दिवसांत गळू वाढत असेल किंवा आठवडाभरात फुटून बरे होण्याच्या मार्गाला लागले नसेल, तर मलमाचे काम संपले असे समजावे.

गळू फुटल्यावर पू गॉजने टिपून घ्यावा आणि जखम साध्या पाण्याने व साबणाने धुऊन झाकून ठेवावी. हा पू संसर्गजन्य असतो. त्यामुळे वापरलेले गॉज पिशवीत बांधून टाकावे आणि टॉवेल, वस्तरा, अंथरूण कोणाशीही सामायिक करू नये. गळू दाबणे किंवा सुईने फोडणे सर्वस्वी टाळावे. त्यामुळे जंतू खोलवर ढकलले जातात व संसर्ग पसरतो.

काट्याची गोष्ट वेगळी

काटा, कुसळ किंवा काच रुतल्यास मलम लावून वाट पाहण्यापेक्षा ती वस्तू काढणे हाच पहिला उपचार होय. जागा धुवावी, चिमट्याची टोके स्पिरिटने पुसावीत आणि वस्तू ज्या दिशेने शिरली त्याच दिशेने, न तोडता, बाहेर काढावी. लाकडी कुसळ असलेला भाग फार वेळ पाण्यात भिजवू नये. लाकूड फुगते व काढताना तुटते. टोक अगदी वरच्या थरात असून पकडीत येत नसेल, तर रात्रभर मलमाची पट्टी बांधल्याने त्वचा मऊ होऊन ते सकाळी हाती लागू शकते. मलमाचा उपयोग येथे एवढाच.

खोल रुतलेला काटा, नखाखालचे किंवा डोळ्याजवळचे कुसळ आणि काच यांसाठी डॉक्टरांकडेच जावे. बाभळीचा किंवा शिंदीचा काटा सांध्याजवळ मोडून राहिल्यास काही आठवड्यांनी सांधा सुजतो आणि तोवर काटा रुतल्याचेही विस्मरण झालेले असते. मातीतल्या काट्याबरोबर धनुर्वाताचे जंतू आत जाण्याचा धोका असल्याने प्रतिबंधक इंजेक्शन केव्हा घेतले होते, हे डॉक्टरांना सांगावे. विंचू किंवा साप चावल्यास विष ‘ओढण्यासाठी’ कोणतेही मलम लावण्यात क्षणही दवडू नये. अशा वेळी रुग्णालय गाठणे हाच उपाय.

बिब्बा, रुईचा चीक आणि चुना

महाराष्ट्रात याच कामासाठी वापरले जाणारे काही पारंपरिक पदार्थ तयार मलमांपेक्षा कितीतरी अधिक धोकादायक आहेत. काटा मोडलेल्या जागी तापवलेल्या बिब्ब्याचा चटका देण्याची पद्धत ग्रामीण भागात अद्याप आढळते. बिब्ब्याच्या तेलातील दाहक द्रव्यांमुळे त्वचेवर फोड येतात आणि काही व्यक्तींच्या अंगभर पुरळ उठते. ‘बिब्बा उतणे’ हा शब्दप्रयोग त्यातूनच आला. बिब्बा, काजू आणि आंबा ही झाडे एकाच कुळातील आहेत. काजूच्या टरफलातील तेलाने किंवा कैरीच्या चिकाने ज्यांना फोड येतात, त्यांना बिब्ब्याचाही तीव्र त्रास होऊ शकतो.

रुईचा चीक काटा वर आणतो, असा समज आहे. प्रत्यक्षात हा चीक त्वचेची आग करतो आणि चिकाचा हात डोळ्याला लागल्यास बुबुळाला सूज येऊन दृष्टी धूसर होते. खाण्याचा चुना गुळात किंवा साबणात कालवून गळवावर बसवण्याची प्रथाही तशीच. चुना हा तीव्र अल्कली असून त्याने त्वचा भाजते. गळू ‘फुटते’ ते अनेकदा त्या भाजण्यामुळे. मागे उरतो तो मोठा व्रण. यांपैकी काही लावले गेलेच असेल, तर ती जागा भरपूर पाण्याने धुवावी आणि डॉक्टरांना लावलेल्या पदार्थाचे नाव न संकोचता सांगावे.

वारंवार गळवे होत असतील तर

वर्षभरात पुनःपुन्हा होणारी गळवे हे केवळ त्वचेचे दुखणे नसते. रक्तातील साखर वाढलेली असताना जंतूंशी लढण्याची शरीराची क्षमता घटते. अनेकांचा मधुमेह प्रथम लक्षात येतो तो अशाच एखाद्या न भरणाऱ्या गळवामुळे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. अशा रुग्णांच्या पायावरील लहानसा फोड किंवा काट्याची जखमही आठवडाभर मलम लावून अंगावर काढल्यास पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणून मधुमेहींनी, तसेच कर्करोगाचे उपचार किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, घरगुती प्रयोग न करता पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

काखेत किंवा जांघेत त्याच त्या जागी होणाऱ्या गाठी, ज्यांना काखमांजरी म्हणतात, हा कधीकधी दीर्घकालीन त्वचाविकार असतो आणि त्यावरील उपचार वेगळे असतात. घरात अनेकांना एकापाठोपाठ गळवे होत असल्यास नाकातील जंतूंवर उपचार करावे लागतात. उरलेली अँटिबायोटिक गोळी स्वतःहून घेणे किंवा दुकानदाराने दिलेले ‘सर्व रोगांवरचे’ मिश्र मलम लावणे यांनी नुकसानच होते. अशा अनेक मलमांत स्टेरॉइड असते. ते लाली दाबते, पण संसर्ग वाढू देते. अशी १४ स्टेरॉइडयुक्त मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकली जाऊ नयेत, यासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्यांना ‘अनुसूची एच’ लागू केली आहे.

कोठे लावू नये?

नाक, वरचा ओठ आणि त्यांच्या दोन्ही बाजूंचा त्रिकोणी भाग हा वैद्यकात धोक्याचा मानला जातो. तेथील शिरांचा मेंदूच्या तळाशी असलेल्या शिरांशी संबंध असल्याने संसर्ग क्वचित मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. या भागातील गळू फोडूही नये आणि त्यावर मलमही चोपडू नये. पापणीच्या कडेची रांजणवाडी केवळ कोमट शेकाने बरी होऊ शकते. ही मलमे डोळ्याजवळ नेऊ नयेत. गुदद्वाराजवळचे गळू, स्तनपान करणाऱ्या मातेच्या स्तनातील गळू, माकडहाडाजवळचे गळू आणि तान्ह्या बाळाला झालेले कोणतेही गळू यांवर घरी उपचार करू नयेत.

ताप येणे, थंडी वाजणे, गळवाभोवतीची लाली पसरत जाणे, लाल रेघ वर सरकताना दिसणे, एकापेक्षा अधिक तोंडे पडणे आणि सुजेच्या मानाने वेदना असह्य होणे ही तातडीची लक्षणे आहेत. मोठ्या गळवाला लहानसा छेद देऊन पू काढणे हाच त्यावरील खात्रीचा उपचार आहे. जागा बधिर करून होणारी ही शस्त्रक्रिया बहुधा काही मिनिटांची असते. तिच्या भीतीने पंधरा दिवस मलम लावत राहणे अधिक क्लेशदायक ठरते.

‘काळ्या मलमा’चा घोळ

इक्थामॉलचे मलम काळे असल्याने परदेशांत त्याला ‘ब्लॅक ड्रॉइंग सॉल्व्ह’ म्हणतात. याच्याशी मिळतेजुळते ‘ब्लॅक सॉल्व्ह’ हे नाव मात्र एका सर्वस्वी निराळ्या आणि घातक पदार्थाचे आहे. त्यात ब्लडरूट या उत्तर अमेरिकेतील वनस्पतीचा अर्क आणि झिंक क्लोराइड असते. ही रसायने रोगट व निरोगी असा भेद न करता त्वचा जाळतात आणि तेथे काळी खपली धरते. खपली पडली की ‘रोग मुळासकट ओढला गेला’ असा दावा केला जातो. तीळ, चामखीळ आणि त्वचेच्या कर्करोगावर ते इंटरनेटवरून विकले जाते.

झिंक क्लोराइडच्या पेस्टचा वापर १९३०च्या दशकात अमेरिकी शल्यचिकित्सक फ्रेडरिक मोझ यांनी केला होता, ही गोष्ट विक्रेते आवर्जून सांगतात. मोझ पेस्ट लावल्यानंतर तो भाग शस्त्राने काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासत असत, हे मात्र सांगितले जात नाही. घरी लावलेल्या मलमात अशी तपासणी नसते. वरची जखम भरून येते आणि खाली उरलेला कर्करोग वाढत राहतो. नाकाचा काही भाग गळून पडल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या मलमांची गणना कर्करोगावरील बनावट उपचारांत केली असून ऑस्ट्रेलियातील औषध नियंत्रकांनीही त्यांविरुद्ध इशारा दिला आहे. संकेतस्थळावरून किंवा परदेशातील नातेवाइकांकडून मलम मागवताना डबीवरील घटकांची नावे वाचणे म्हणूनच अत्यावश्यक आहे. घटक लिहिलेलेच नसतील, तर ते मलम घेऊ नये.

न दुखणारी, महिनोन्‌महिने टिकणारी गाठ, रंग वा आकार बदलणारा तीळ आणि रक्त येणारा, न भरणारा व्रण यांवर कोणतेही ‘ओढणारे’ मलम लावू नये. त्यांची तपासणीच व्हायला हवी.

घरातील औषधपेटीत इक्थामॉल किंवा मॅग्नेशियम सल्फेटची डबी असण्यात गैर काही नाही. डबी उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहावी आणि मलम लावण्यास सुरुवात केली तो दिवसही ध्यानात ठेवावा. निरोगी माणसाच्या लहान गळवासाठी फार तर आठवडाभराची मुदत द्यावी. दुखणे त्यापूर्वीच वाढत असेल, तर ही मुदतही पाळण्याचे कारण नाही.